यंदा पऱ्हाट्या पेटवू नका

सच्या,

व्हॉट्सअपवर तीनदा टाईप करून डिलीट केलं, म्हणलं आता सरळ लांबलचकच लिहावं. कंपनीची नोकरी सोडून परत परभणीला पीएचडीला का बसलो असं तू विचारलं होतंस आणि मी विषय टाळला होता, ते मनात राहिलंय.

एमएस्सीला असताना आबांच्या वावरातली माती पिशवीत भरून लॅबला नेली होती, प्रॅक्टिकलसाठी म्हणून. एक ग्रॅम माती, त्यात डायक्रोमेट, म्हणजे मातीतला कर्ब जाळणारं रसायन, वरून सल्फ्युरिक ॲसिड, फ्लास्क हाताला चटका बसंल इतका तापतो. अर्धा तास थांबायचं आणि मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, उरलेलं डायक्रोमेट मोजणारं द्रावण थेंब थेंब सोडत बसायचं, जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो. मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेला कार्बन, जितका जास्त तितकं ब्युरेटमधलं कमी लागतं. माती नसलेल्या फ्लास्कला २० मिली लागलं, आमच्या मातीला १८. हिशोब केला तर कर्ब ०.३९ टक्के. सच्या, ज्या वावराच्या जिवावर माझी फी भरली त्याच्या पोटात एवढंच उरलंय हे बघून त्या दिवशी मेसमध्ये घास उतरला नाही. कंपनीत गेलो तरी तो आकडा काही डोक्यातून गेला नाही, पोती खपवता खपवता तोच आठवायचा.

आणि आपण करतो काय, तर कापूस संपला की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून धुऱ्यावर पेटवून देतो. आबांचं चुकलं असं मी म्हणत नाही, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, २०१७ ला तिनं काय केलं ते तू बघितलंयस, मग माणूस पेटवणारच. पण पेटवायची रीत बदलली तर अळीही मरते आणि कर्बही हातात राहतो. माझं काम तेच, बायोचार, म्हणजे काड्यांची हवा तोडून केलेला, मातीत टाकायचा कोळसा. खाली निमुळता खड्डा घ्यायचा, वरून पेटवायचं, काड्यांवर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर टाकायचा म्हणजे खालच्याला हवा मिळत नाही, शेवटी पाणी मारायचं. जमलेला कोळसा हातात घेतला की टणटण वाजतो. तो मातीत शेकडो वर्षं टिकू शकतो, शेणखतासारखा दोन-चार वर्षांत संपत नाही.

पहिल्या वर्षी मी घाई केली. कोरडा कोळसा तसाच वावरात पसरला, तो मातीतलं नत्र धरून बसला आणि आबांची ज्वारी पिवळी पडली. आबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता आधी शेण-गोमूत्राच्या काल्यात मुरवतो मगच टाकतो. दुसरी अडचण अशी की कोळसा अल्कधर्मी आणि आपली काळी माती आधीच तशी, त्यामुळं किती टाकायचा, किती तापमानाला केलेला टाकायचा हाच माझ्या थिसिसचा खरा प्रश्न आहे. दुसरीकडचे आकडे इथं चालत नाहीत, इथल्याच वावरात बघावं लागतं.

बाकी जैवअर्थव्यवस्थेची, म्हणजे पिकं-काडीकचऱ्यापासून माल आणि इंधन करण्याची, चर्चा सगळीकडं आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं त्यासाठी बायोई३ धोरणही मंजूर केलं, पऱ्हाट्यांचा पांढरा कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळाऊ कांड्या, करून बॉयलरला जातोच. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, मिळावेतच. पण सगळ्याच काड्या ट्रॉलीत गेल्या तर वावरात परत काय येणार? निम्म्या तरी मातीला राहिल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, यावर विद्यापीठात माझं भांडणही होतं कधीकधी.

आता कामाचं. अण्णांना विचारशील का, नदीकडच्या वावरातला एक एकर मला दोन वर्षं द्या म्हणून. अर्ध्यात कोळसा, अर्धं तसंच, पेरणी त्यांच्याच पद्धतीनं, वाढीव खर्च माझा. पीक कमी आलं तर भरून देईन, हे आधीच सांग त्यांना. तू संक्रांतीला गावी येशीलच, तोवर पऱ्हाट्या उपटल्या तर पेटवू नका म्हणावं, फक्त एक फोन करा. खड्डा खणायला मीच येतो, शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं. काकूंना म्हण मला धपाटे आणि दही, बाकी काही नको.

तुझा,
पम्या