ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बॅटरीवर चालवण्याआधी

महोदय,

माडाचे एक चुडत तारेवर पडले की वाड्यावरची लाईट जाते, आणि छपरावर ३ किलोवॅटची सोलर असलेल्या घरातला पंखाही त्याच क्षणी थांबतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले. पण ऑन-ग्रिड सोलर वीज खात्याच्या तारेच्या आधारावरच चालते, हे बसवताना फारसे कोणी सांगत नाही. मग १ ते ३ किलोवॅटचे जुने, उतरवलेले ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वस्तात आणून घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरला जोडण्याच्या खटपटी सुरू होतात. हे जमते. मात्र सर्रास ज्या तऱ्हेने जोडतात, त्या तऱ्हेने नाही.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतः २३० व्होल्ट तयार करत नाही. तारेत आधीच असलेल्या व्होल्टेजची लय पकडतो आणि तिच्यात करंट ढकलतो. लय गेली की नियमाप्रमाणे त्याला २ सेकंदांच्या आत सुटावेच लागते. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव त्यावर असतो. म्हणून त्याला घरात चालवायचे तर खोटी का होईना, एक तार दाखवावी लागते. ती दाखवतो बॅटरीवरचा प्युअर साइनवेव्ह, म्हणजे तारेसारखीच गुळगुळीत लाट देणारा इन्व्हर्टर. स्क्वेअरवेव्ह, म्हणजे चौकोनी लाटेचा असेल तर तिथेच थांबा. ऑन-ग्रिडवाला त्याच्याशी जुळतच नाही.

खरी गडबड जुळल्यानंतर होते. सकाळी ११ वाजता पॅनल ९०० वॅट देत आहेत. घरात फ्रिज १५०, दोन पंखे १४०, टीव्ही ८०, म्हणजे ३७० वॅट लागतात. उरलेले ५३० वॅट कुठे जाणार? बॅटरीच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून उलटे आत. तो जुन्या पद्धतीचा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जड डबा असेल, तर ही वीज मॉस्फेटमधून, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीत शिरते. नुकसान वजा केले तरी ३५ अँपिअरच्या आसपास. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला १५ अँपिअर बरे, फार तर २५. वर चार्जर या वाटेत कुठेच नाही, त्यामुळे १४.४ व्होल्टला थांबवणारा कोणी नाही. पाणी उकळते, हायड्रोजन सुटतो, बंद खोलीत तो साठतो.

वजनाने हलका, हाय-फ्रिक्वेन्सी इन्व्हर्टर असेल तर त्याहून वाईट. त्याच्या आत डीसी बस, म्हणजे जास्त व्होल्टेजची डीसी लाईन असते, साधारण ३८० व्होल्टची, आणि तिथून बॅटरीकडे परतीची वाटच नसते. समजा बसवर ४७० मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्टचा कपॅसिटर आहे. ५३० वॅटने तो ३८० वरून ४५० वर जायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो. संरक्षण त्याआधी सुटले तर नशीब, नाहीतर मॉस्फेट आणि कपॅसिटर दोन्ही गेले. ‘लोड नेहमी जास्त ठेवायचा’ हा उपाय सांगतात, पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुटायची वेळ आपल्या हातात नसते.

तेव्हा मधला इन्व्हर्टर-चार्जर दोन्ही बाजूंनी वीज घेणारा हवा, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये ‘एसी कपलिंग’ (ऑन-ग्रिड इन्व्हर्टर त्याच्या एसी आउटपुटला जोडणे) चालते असे छापलेले हवे. दुकानदाराच्या तोंडी हमीवर हा सौदा करू नये. त्याचे व्हीए, म्हणजे लेबलवरची क्षमता, ऑन-ग्रिड इन्व्हर्टरच्या वॅटपेक्षा कमी नको, कारण दुपारी सगळा लोड एकदम सुटला तर सगळी सोलर त्याच्यावरच येते. बॅटरी लेड-अॅसिड असेल तर दर किलोवॅट सोलरला ४८ व्होल्ट १०० एएच, म्हणजे ४.८ युनिट धरावी; लिथियमला तेवढ्यावर दीड किलोवॅट चालते. घरोघरी असलेल्या दोन १५० एएच बॅटऱ्या ३.६ युनिटच्या होतात. एका किलोवॅटलाही त्या अपुऱ्या.

बॅटरी भरली की असा इन्व्हर्टर-चार्जर ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी हळूहळू वर नेतो. नवा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ते पाहून वॅट कमी करत जातो. जुना, भारतीय सेटिंगवरचा, बहुधा ५०.५ हर्ट्झला सरळ सुटतो, फ्रिक्वेन्सी खाली आली तरी मिनिटभर किंवा जास्त थांबतो, मग परत येतो. दिवसभर ही ये-जा चालते. चालेल, पण विकत घेताना सेटिंगचा पासवर्ड मागून घ्यावा, म्हणजे हे आकडे बदलता येतील.

लेबलवरचे स्टार्ट-अप व्होल्टेज, म्हणजे इन्व्हर्टर उठायला पॅनलकडून लागणारे व्होल्टेज, तेही वाचावे. ३३५ वॅटचे तीन पॅनल सिरीजमध्ये चालू स्थितीत ११० व्होल्टच्या आसपास देतात. १ किलोवॅटचे बरेच इन्व्हर्टर यावर उठतात. १५० व्होल्टला उठणारा मोठा इन्व्हर्टर आणला तर तो ढिम्म बसून राहील. डीसी बाजूला डीसीचाच एमसीबी लावावा. एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही, साध्या एमसीबीत ती जळत राहते.

आपल्याकडच्या पावसात आणखी दोन गोष्टी नडतात. पहिली, सतत ढग. आषाढात रात्री बॅटरी उतरून इन्व्हर्टर-चार्जर लो-बॅटरीवर बंद पडला, तर सकाळी ऊन आले तरी काही होत नाही. दाखवायला तार नाही म्हणून सोलर उठत नाही, आणि सोलर उठत नाही म्हणून बॅटरी भरत नाही. यावर तोड म्हणजे एक-दोन पॅनल वेगळे काढून साध्या चार्ज कंट्रोलरने थेट बॅटरीला द्यावेत, आणि घरचा लोड आधी तुटेल अशी सेटिंग ठेवावी. दुसरी गोष्ट ओलाव्याची. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरची गळती पॅनल भिजल्यावर वाढते, मग ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाईन तोडणारा स्विच) विनाकारण पडतो. लोक तो काढून टाकतात. काढू नये, सोलरच्या लाईनवर कंपनीने सांगितलेला, बहुधा १०० किंवा ३०० मिलिअँपचा वेगळा लावावा आणि घरच्या प्लगांवर ३० चाच ठेवावा. लाईट नसताना इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला अर्थिंग मिळते का तेही तपासावे. ते नसेल तर आरसीसीबी नुसता शोभेला.

काही हौशी मंडळी ऑन-ग्रिड इन्व्हर्टर उघडून त्याचा मेंदूच बदलतात. कंट्रोल बोर्ड काढून ईजीएस००२ हे साइनवेव्हचे छोटे कार्ड त्याच्या ब्रिजला, म्हणजे डीसीचे एसी करणाऱ्या स्विचच्या जोडणीला जोडतात. कार्ड स्वस्त आहे, पण आतले आयजीबीटी, म्हणजे ब्रिजचे इलेक्ट्रॉनिक स्विच, सावकाश बंद होतात. कार्डावरचा डेड-टाइम, म्हणजे एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होण्यामधला वेळ, ३०० नॅनोसेकंदांवर राहिला तर वरचा-खालचा आयजीबीटी एकाच वेळी चालू सापडतो आणि सगळा ब्रिज उडतो. निदान १ किंवा १.५ मायक्रोसेकंद हवेत. शिवाय ज्यात चारापेक्षा जास्त स्विच आहेत त्या ब्रिजला हे कार्ड तसेच लागत नाही. आणि बसला ३६० ते ४०० व्होल्ट लागतात. तेवढे बॅटरीतून आणायचे म्हणजे १२ व्होल्टच्या तीस बॅटऱ्या ओळीने. एवढ्या डीसीला हात लागला तर माणूस वाचणे कठीण. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये व्होल्टेज टिकते. मालिकेत लावलेल्या दोन पिवळ्या बल्बांनी ते उतरवून, मीटरने मोजून मगच हात घालावा. प्रयोगशाळेत ठीक आहे, घराच्या पावळीखाली नको.

आमचे मत विचाराल तर ज्यांच्या घरी २४ व्होल्टचा चांगला इन्व्हर्टर आधीच आहे त्यांनी या फंदात पडू नये. तेच तीन पॅनल १५० व्होल्ट, ४० अँपिअरच्या एमपीपीटी कंट्रोलरने (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा) बॅटरीला द्यावेत. उघड्या स्थितीत ते १३८ व्होल्टच्या आसपास असतात, डिसेंबरच्या पहाटे दोन-तीन व्होल्ट वर. चौथा पॅनल जोडला तर कंट्रोलर गेला. पूर्ण उन्हात ३७ अँपिअरपर्यंत येतात, म्हणून १५० एएचच्या बॅटऱ्यांसाठी कंट्रोलरमध्ये मर्यादा २५ वर ठेवावी.

शेवटचा मुद्दा वीज खात्यासाठी आहे. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे तारांवर पडून अनेक गावे दिवसभराहून अधिक काळ अंधारात होती. अशा वेळी घरातून एखादी चुकीची जोडणी उलटी तारेत गेली, तर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११ हजार करून लाईनमनपुढे ठेवतो. घरच्या यंत्रणेला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एक बाजू सुटल्यावरच दुसरी पकडणारा चेंजओव्हर स्विच सक्तीचा असावा. नेट मीटर (आलेली आणि परत दिलेली वीज वेगळी मोजणारा मीटर) बसवताना खात्याने आपल्या बाजूची वीज तोडून चेंजओव्हरच्या खात्याकडच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट मोजून दाखवावे. जोडणीचे एकपानी चित्र मराठी आणि कोकणीत प्रत्येक उपविभागीय कार्यालयात लावावे. आणि नेट मीटर नसताना सोलर जोडणाऱ्यांना हेही सांगावे की साधी इलेक्ट्रॉनिक मीटर बऱ्याचदा उलटी गेलेली वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजतात. ती फुकट दिली जाते आणि वर तिचे बिलही येते.

आपले,
सोलर जोडणीची कामे करणारे दोन वायरमन,
सत्तरी, गोवा