आजीला पुण्याला नेण्याआधी

महाल, नागपूर

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, आजी भ्रमिष्ट झाली का? नाही रे. दुपारी अंगणाकडे बघून ती म्हणते, "त्या पोरायले पोहे दे वं, केव्हाची बसली हायेत." अंगणात कोणी नसतं. आणि घटकाभराने तीच आठवण करते, दूधवाल्याचे पैसे राहिलेत.

तिला पार्किन्सन आहे. त्यात मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामाइन म्हणजे मेंदूतला एक निरोप्या, हालचाल त्याच्यावर चालते. लेव्होडोपाच्या गोळीतून मेंदूला डोपामाइन मिळतं, म्हणून ती आज स्वतः उठून न्हाणीघरापर्यंत जाते. पण ते फक्त हातापायांच्या कामी येत नाही. भासांत काही वाटा आजाराचा, काही त्या गोळीचा.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री ती घाबरून ओरडायला लागली. जवळच्या दवाखान्यात तिला शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. सकाळी ती लाकडासारखी ताठ. पेजेचा घोटही गिळवेना. ते दिवस मी विसरू शकत नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. हॅलोपेरिडॉल डोपामाइनच्या डी-२ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर त्याचा निरोप घेणाऱ्या जागेवर, घट्ट बसतं. आजीकडे मुळातच डोपामाइन कमी, त्यात ही वाटही बंद. सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्याचं मात्र वेगळं आहे. त्याचे ५-एचटी-२ए नावाचे रिसेप्टर डोपामाइनवर लगाम ठेवतात, आणि भासांशीही त्यांचा संबंध आहे. भासांसाठी तिला रात्री दिलेली क्वेटियापिनची छोटी गोळी हे रिसेप्टर अडवते आणि डी-२ वर सैल बसून लवकर सुटते. म्हणून अंग ताठरत नाही. क्लोझापिन याहून खात्रीचं, पण त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, रक्त सतत तपासावं लागतं. अमेरिकेत २०१६ मध्ये अशाच भासांसाठी पिमावॅन्सेरिन हे औषध मंजूर झालं. ते डोपामाइनच्या रिसेप्टरला हातच लावत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

यात आपली सर्पगंधाही आहे, बरं का. तिच्या मुळीतलं रेसरपिन डोपामाइन आणि सेरोटोनिन, दोन्हींचे साठे रिकामे करतं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना सेरोटोनिन वाढवणारं द्रव्य दिलं, ते उठले नाहीत. लेव्होडोपा दिलं, उठले. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. आजीची गोळी तिथून आली.

आता नीट ऐक. पुण्यात काहीही झालं तरी हॅलोपेरिडॉल नको. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडही नको, तेसुद्धा डी-२ अडवतं. ऑन्डॅन्सेट्रॉन सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर काम करतं, ते चालेल का हे डॉक्टरांनाच विचार. लेव्होडोपा मात्र एकदम बंद करायची नाही. सगळं लिहून औषधांच्या डब्यात ठेवलंय, त्याचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये असू दे.

ती पोरं तिकडेही आली तर वाद घालू नकोस. ती घाबरत नाही तोवर डॉक्टरही डोस वाढवत नाहीत. पोहे मागितले तर बशी भरून तिच्याजवळ ठेव. थोड्या वेळाने ती स्वतःच खाते.

तुझी,
आई