पीजे डोंगरात नव्हती, एवढाच तिचा दोष?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडे छोट्या गाडीला वारसा म्हणायचे असेल, तर तिला आधी डोंगर चढावा लागतो. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला या तिन्ही गाड्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि तिन्ही डोंगरातल्या आहेत. महाराष्ट्रात कौतुक होते ते माथेरानच्या गाडीचे. कपाशीच्या शेतांमधून दुधाचे कॅन, कॉलेजची पोरे आणि बाजारची माणसे वाहणारी पाचोरा-जामनेर गाडी, म्हणजे आमची पीजे, या मानात कुठेच बसली नाही. लॉकडाउनमध्ये 2020 साली ती थांबली ती थांबलीच. आता तिच्या जागी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी गाडी, व्हायची आहे.

हे आत्ताच लिहायचे कारण असे. मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याच्याकडे गेले असताना वेल्समधल्या वेल्शपूल-लानफेअर या नॅरोगेज गाडीत बसायचा हट्ट मीच धरला, कारण तिचे माप, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, अडीच फूट, 762 मिलिमीटर, अगदी पीजेचेच. बार्शी लाइट रेल्वे (1897) उभारणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच मापाचे मोठे पुरस्कर्ते होते, हे बार्शी-कुर्डुवाडीकडच्या वाचकांना ठाऊक असेलच.

वेल्शपूलची ही गाडी 1903 मध्ये सुरू झाली ती पर्यटकांसाठी नव्हे. खेड्यातली मेंढरे नि धान्य बाजाराला न्यायचे, येताना कोळसा आणायचा, एवढेच तिचे काम. बस आली तशी 1931 मध्ये प्रवासी गाडी बंद पडली आणि 1956 मध्ये मालगाडीही. इथपर्यंतची कथा आपलीच आहे. पुढची मात्र नाही. हौशी मंडळी एकत्र आली आणि 1963 मध्ये त्यांनी निम्म्या मार्गावर गाडी पुन्हा सुरू केली. वेल्शपूल गावातून घरांच्या परसातून जाणारा रूळ नगरपालिकेला रस्त्यासाठी हवा होता, तो गेलाच. म्हणून गावाच्या कडेला नवे स्टेशन बांधून 1981 मध्ये तिथवर गाडी आणली. मोठ्या रेल्वेस्टेशनवर उतरून आम्ही बाजारपेठेतून चालत गेलो.

इंजिने 1902 ची, मँचेस्टरची. मूळ डबे केव्हाच भंगारात गेलेले, म्हणून जुन्या नकाशांवरून तसेच नवे डबे बांधून घेतलेत. आत लाकडी बाकडी, खिडकीला चामड्याचा पट्टा. काही डबे ऑस्ट्रियातून आलेले, त्यांना दोन्ही टोकांना उघडी गॅलरी. त्यांचे मूळ माप 760 मिलिमीटर, दोन मिलिमीटरचा फरक रूळ खपवून घेतो. स्टेशन सुटले की लगेच 29 फुटांना एक फूट असा चढ लागतो. इंजिन धापा टाकते, गॅलरीत उभे राहिले तर कोळशाची कच डोळ्यात जाते. माझ्या गेली. मधल्या एकदोन स्टेशनांवर हात दाखवला तरच गाडी थांबते. हे पाहून मला पीजेवरचे वरखेडी स्टेशन आठवले. तिथे ओळखीचा माणूस शेतातून पळत येताना दिसला तर डब्यातलेच लोक आरडाओरडा करायचे.

लानफेअरला एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ डब्याची पितळी मूठ फडक्याने घासत होते. पगार नाही, सुट्टीच्या दिवशी येतात. मी म्हटले, याच मापाच्या गाडीने मी पाचोऱ्याहून शेंदुर्णीला शाळेत शिकवायला जात असे. त्यांनी विचारले, "मग आता तिचे डबे कुठे आहेत?" मला सांगता आले नाही.

उगाच भारावून लिहीत नाही. तिकीट आपल्या मानाने महाग आहे. त्या गाडीने आता कोणी बाजाराला जात नाही. मेंढरे टेकडीवर दिसतात, मालडब्यात नाहीत. गर्दी नाही, जागेवरून भांडण नाही, टपावर पोरे नाहीत. खेड्याचा प्रवास तिथे हौसेने उभा केलेला आहे, गरजेने नव्हे. आणि आमच्या भागाला गरज ब्रॉडगेजचीच आहे. जामनेरच्या पेशंटला जळगाव गाठायचे असते, त्याला वारसा नको, वेळेवर गाडी हवी. ब्रॉडगेजला विरोध करणाऱ्यांतली मी नाही.

पण 56 किलोमीटरपैकी चार-पाच किलोमीटर राखायला काय हरकत आहे? नवा मार्ग जिथे जुन्यापासून बाजूला सरकणार असेल तिथला तुकडा, शक्यतो शेंदुर्णी-पहूर बाजूचा, रूळ न उचलता ठेवावा. आपल्याकडे वारसा जपणे म्हणजे जुने इंजिन रंगवून कार्यालयासमोर चौथऱ्यावर ठेवणे आणि त्याला दिव्यांच्या माळा लावणे. इंजिन बघून पीजे कशी होती हे कुणाला कळणार? लाकडी बाकावर बसून, मातीचा वास घेत, सायकलवाला शेजारून पुढे निघून गेलेला पाहिला तर कळेल. रविवारी, नाहीतर शाळांच्या सहलींपुरती चालली तरी पुरे. एसी डबा आणि जेवणाची थाळी मात्र कृपा करून नको.

रूळ, डबे, सिग्नलचे खांब यांचा लिलाव होण्याआधी यादी तरी जाहीर करावी. पीजेवर नोकरी केलेले गँगमन, गार्ड, स्टेशनमास्तर अजून पाचोरा-जामनेर भागात आहेत. गाडी कुठल्या वळणावर अडायची, पावसाळ्यात कुठल्या नाल्यावर थांबवावी लागायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला रेल्वेच्या मंजुरीची गरज नाही. जामनेर-पाचोऱ्याच्या कॉलेजांनी हे काम या वर्षीच हाती घ्यावे. माझ्याकडे पासांचा एक गठ्ठा आहे, तो द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शेंदुर्णी, ता. जामनेर, जि. जळगाव