आईचा मॅमोग्राम आणि माझी चिप

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की रक्तातूनच कॅन्सरच्या पेशी पकडता येतात, तू तर तेच काम करतेस, मग आईला यंदा मॅमोग्रामला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेला, कशाला न्यायचं. तेव्हा लॅबमध्ये पंप चालू होता म्हणून धड बोलता आलं नाही, आता रात्री बसून लिहितेय.

कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटून रक्तात येतात हे ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने 1869 मध्येच मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं. पण एक मिली रक्तात लाल पेशीच जवळपास 500 कोटी, आणि ह्या सापडल्याच तर एक, दोन, फार तर दहा. रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गेरमध्ये, राजवाड्यासमोर माझा हात सुटला होता आठवतं ना, गुलालाने सगळेच चेहरे सारखे झालेले आणि तुम्ही मला शोधत फिरत होतात, अगदी तसं.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 2007 ला ह्या पेशी पकडायला एक चिप केली, म्हणजे रक्त आतून जाऊ देणारी छोटी पट्टी, त्यात केसाएवढे जाड 78,000 खांब, प्रत्येकावर अँटिबॉडीचा, म्हणजे पेशीवरचं एक ठरावीक प्रोटीन धरून ठेवणाऱ्या रेणूचा, लेप, रक्त त्यातून अगदी सावकाश सोडायचं म्हणजे कॅन्सरची पेशी खांबाला चिकटते. पण काही पेशी ते चिकटणारं प्रोटीनच टाकून देतात, त्या निसटतात. आई तू पोहे चाळतेस तसं आकारावरून चाळलं तरी पांढऱ्या पेशींएवढ्या लहान असतात त्या सुटतातच. म्हणून त्याच लोकांनी 2013 मध्ये उलटं केलं, पांढऱ्या पेशींना चुंबकी मणी चिकटवून त्यांनाच बाजूला ओढलं. मला हेच सगळ्यात आवडतं, कारण हव्या त्या पेशी हात न लावता जिवंत मिळतात, त्यांचे जीन्स बघता येतात, औषध घालून बघता येतं.

पण बाबा, रक्तातल्या ह्या पेशींची मोजणी मुख्यतः आजार आधीच पसरलेल्या पेशंटसाठी वापरतात, पुढे कसं जाईल याचा अंदाज घ्यायला. अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालेल्या टेस्टमध्ये 7.5 मिली रक्तात 5 किंवा जास्त पेशी म्हणजे काळजीचं. गाठ लहान असते तेव्हा अख्ख्या ट्यूबमध्ये एकही पेशी येत नाही असं खूपदा होतं, म्हणजे शून्य आलं तरी निश्चिंत होता येत नाही, आणि आईची गाठ तर तेव्हा मॅमोग्राममध्येच दिसली होती ना, हाताला लागायच्या आधी.

तेव्हा ह्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. आई, मागच्या दोन्ही वर्षांच्या फिल्म कपाटात वरच्या खणात आहेत, त्या सोबत न्या, डॉक्टर जुन्याशी ताडून बघतात. रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवा, रात्री कितीही वाजता.

तुमची,
मनू