रिकाम्या अवतरणचिन्हांचे आभार

ई-पुस्तक नव्याने सिद्ध करणाऱ्या संपादकांस,
सप्रेम नमस्कार.

सुधारित आवृत्ती ऐकून झाली. आकृत्यांची वर्णनं तुम्ही छानच लिहिलीत, पण आधी आभार मानायचे आहेत ते जिथे काहीच लिहिलं नाहीत त्या जागांचे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेलबुट्टी आहे. जुन्या फाइलमध्ये तिला ऑल्ट (चित्राच्या कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहायचं त्याचं वर्णन) नव्हताच, म्हणून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फाइलचं नाव वाचत सुटायचा: ‘आयएमजी अंडरस्कोर ०४७ डॉट जेपीजी’. शेवटचं वाक्य मनात उतरायच्या आतच हे कानावर! तुम्ही ऑल्ट ठेवलात आणि त्यापुढची अवतरणचिन्हं रिकामी सोडलीत. ऑल्ट गाळला की स्क्रीन रीडरला अंदाज बांधावा लागतो. रिकामा ठेवला की त्याला कळतं, इथे सांगण्यासारखं काही नाही, पुढे चल. आता तिथे शांतता असते. डोळ्यांनी वाचणाऱ्या कुणालाही हे काम कधी दिसणार नाही, तरी तुम्ही ते प्रत्येक प्रकरणात केलंत.

मधल्या एका ‘दुरुस्ती’त सगळीकडे नुसतं ‘चित्र’ लिहून मिळालं होतं. स्क्रीन रीडर स्वतःहून ‘ग्राफिक’ म्हणतोच, वर हे ‘चित्र’. संगणकाच्या आपोआप तपासणीत मात्र फाइल पास! रकाना भरलाय एवढंच तिथे बघतात, काय भरलंय ते माणसानेच बघायचं असतं.

पावसाच्या आलेखाला तुम्ही ऑल्टमध्ये एका वाक्यात चढउतार सांगितलात आणि १२ महिन्यांचे आकडे खाली खऱ्या तक्त्यात दिलेत. तेच आकडे ऑल्टमध्ये कोंबले असते तर एका दमात वाचले गेले असते. ऑगस्टचा आकडा पुन्हा ऐकायला सगळी माळ पहिल्यापासून. शिवाय काही ॲपमधलं ‘मोठ्याने वाचा’ ऑल्टकडे ढुंकूनही बघत नाही. मजकुरातला तक्ता तिथेही ऐकू येतो. चित्राखालची ओळ ऑल्टमध्ये पुन्हा उतरवली नाहीत, तेही बरं केलंत. पुस्तकाची भाषा मराठी अशी नोंदवलीत, त्यामुळे इंग्रजी आवाजाची देवनागरीशी झटापट थांबली.

एकच कुरकुर. मुखपृष्ठाच्या ऑल्टमध्ये फक्त शीर्षक आणि लेखकाचं नाव आहे. त्यावर काढलंय काय, तेही पुढच्या आवृत्तीत येऊ द्या.

आपला,
कानांनी वाचणारा एक वाचक