कोलाजेनचं पान आणि शब्दकोडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत तुम्ही 'तज्ज्ञांचा सल्ला' म्हणून कोलाजेनच्या, म्हणजे कातडी घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, क्रीमचं जे कौतुक छापलंत त्याच्या बरोब्बर समोरच्या पानावर त्याच क्रीमची जाहिरात होती, हा योगायोगच असणार, आम्ही पुणेकर उगाच संशय घेतो.

माझी अख्खी नोकरी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये झाली, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. निरोगी कातडीतून साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) वरचा रेणू आत जात नाही असा ढोबळ नियम आहे, आणि कोलाजेनचा रेणू 3 लाखांच्या घरात. म्हणजे तुळशीबागेच्या बोळातून पीएमपीची बस घालायची! तुकडे केलेलं हायड्रोलाइज्ड कोलाजेन घेतलं तरी ते बहुतेक वेळा हजारांतच असतं. ते वरच बसतं, ओलावा धरून ठेवतं, कातडी जरा फुगते, सुरकुत्या काही तास कमी दिसतात. व्हॅसलीननेही ओलावा टिकतो, पण त्यासाठी तुम्ही अख्खं पान देणार नाही.

जाऊबाईंबरोबर लक्ष्मी रोडच्या एका दुकानात गेले होते, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या गालाला एक छोटा कॅमेरा लावला, स्क्रीनवर 'कोलाजेन लेव्हल' लाल पट्ट्यात. मी म्हटलं, बाळा, याच गालाला परत लाव बघू. लावला तर पट्टा पिवळा! "मॅम, स्किन दिवसभरात बदलते ना." अगं, दिवसभर कुठला, अजून आम्ही पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. कोलाजेन नीट बघायचं तर कातडीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरतात, फोटोत काय दिसणार कप्पाळ! तरी जाऊबाईंनी डबी घेतलीच, आणि दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो तर "सील तुटलंय".

जाहिरातीतल्या आकड्यावरच्या त्या चांदणीचंही (*) सांगते. इतक्या टक्के बायकांना फरक जाणवला म्हणे. मोबाईलवर फोटो मोठा करून तळटीप वाचली तर 'वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या मतानुसार'. दुसऱ्या गटाला साधं क्रीम देऊन बघितलं का, त्याचा पत्ता नाही. 2019 च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, पण तक्रार करायला ती तळटीप आधी वाचता तर आली पाहिजे!

खरं तर कोलाजेनची नासाडी करतं ते ऊन. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या आपल्या पोरींची सगळे थट्टा करतात, पण या डबीपेक्षा तो स्कार्फ बरा. त्यावर एखादा लेख छापा की, जाहिरात नाही मिळणार फार तर.

आणि हो, या पानापायी शब्दकोडं आत ढकललंत, चौकोन इतके बारीक केलेत की जोडाक्षर मावत नाही. निदान ते तरी येत्या रविवारी होतं तिथे आणा.

आपली,
एक जुनी वाचक, सदाशिव पेठ