छेल्लो कोण?

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

उद्या घटस्थापना. मागच्या मैदानात सकाळपासून ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ चाललंय, म्हणून दारं-खिडक्या लावून घामाघूम होत लिहायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं.

मुद्दा असा की सर मला आपल्या जंगल-शिबिरांच्या संस्थेचा अध्यक्ष करायला निघालेत. हसून घे, मग पुढे वाच.

गेल्या रविवारी त्यांनी घरी बोलावलं. आता एक्याऐंशी पूर्ण झालीत. गुडघे गेलेत, माणसांची नावं निसटतात, झाडांची मात्र एकही नाही. चहा झाल्यावर त्यांनी संस्थेच्या लेटरहेडचा कागद काढला, लाल पेनाने स्वतःचं नाव खोडलं, बाजूला माझं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि कागद माझ्याकडे सरकवला. आपलं बॉटनीचं जर्नल तपासायचे ना, अगदी तसं. मी ‘सर, विचार करतो’ म्हणालो, तर म्हणाले, ‘कर की. पण पावसाळ्यानंतरची शिबिरं लागलीत, तेवढ्यात कर.’ निघताना खुंटीवरची शिट्टी काढून हातात दिली. तीच, पितळेची.

तो कागद आठवडाभर टेबलावर पडलाय. डावीकडच्या समासात समितीची अकरा नावं आहेत. दोन डॉक्टर, एक सीए, मागे आपल्याला जुनी व्हॅन देणारे बिल्डर, आणि असेच बाकीचे. माणसं चांगली आहेत, वेळेला पैसे देतात, माझं काही म्हणणं नाही. पण मी मोजून पाहिलं. अकरातले सहा जण जांबुघोड्याला एकही रात्र राहिलेले नाहीत. आणि ज्याच्या जिवावर गेली एकोणीस वर्षं आपण पोरांना त्या जंगलात नेतो, त्या दादाचं नाव तिथे नाही. ते कुठे आहे सांगू? हिशेबाच्या व्हाउचरवर. तेही नाव नव्हेच: ‘स्थानिक मदतनीस – १’.

तुला १९८१ चं पावागडचं शिबिर आठवतं? उडनखटोला, म्हणजे रोपवे, तेव्हा झाला नव्हता. चांपानेरहून माचीपर्यंत पायी, आणि आपली पैज होती पुढे कोण राहतो याची. सर कुठे दिसेनात म्हणून आपण मागे वळून पाहिलं, तर ते पार शेवटी, एका पोराची तुटलेली चप्पल स्वतःच्या बुटाच्या नाडीने बांधत बसलेले. बूट उघडाच ठेवून माचीपर्यंत चढले. त्या रात्री त्यांनी नियम सांगितला: पुढे कोणीही चालावं, सगळ्यात मागे जो चालेल तो लीडर. आपल्यातल्या गुजराती पोरांनी त्याला ‘छेल्लो’, म्हणजे शेवटचा, असं नाव पाडलं आणि ते चिकटलंच. अजूनही आपल्या शिबिरात लीडर कोण असं कोणी विचारत नाही, छेल्लो कोण असंच विचारतात.

सध्या रात्री झोप येत नाही, तेव्हा अशा संस्था चालवणाऱ्या माणसांबद्दल वाचत पडतो. कुर्ट हानचं नाव तू ऐकलं असशील. हा जर्मन शाळामास्तर १९३३ मध्ये हिटलरच्या विरोधात बोलला म्हणून तुरुंगात गेला, सुटल्यावर ब्रिटनला आला आणि तिथे १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोव्हीला त्याने आउटवर्ड बाउंड सुरू केलं, पोरांना समुद्रावर-डोंगरावर नेऊन शिकवणारी शाळा. पैसा लॉरेन्स होल्ट नावाच्या जहाजवाल्याचा. युद्धात जहाजं बुडत होती, आणि होल्टचं म्हणणं असं की लाइफबोटीत तरणी पोरं आधी हाय खातात आणि मुरलेले खलाशी तग धरतात. तेव्हा पोरांना बळ नाही, धीर शिकवायला हवा. एवढं मला पटतं. पुढे हान चारित्र्य घडवण्यावर बोलायला लागला की मला शाळेतली प्रार्थना आठवते आणि डोळा लागतो.

माझा जीव जडला तो पॉल पेट्झोल्टवर. जाडजूड भुवयांचा अमेरिकन गिर्यारोहक, १९३८ च्या के-टू मोहिमेत होता. कोलोरॅडोत आउटवर्ड बाउंडचा मुख्य प्रशिक्षक असताना त्याच्या ध्यानात आलं की पोरं भरपूर येताहेत, त्यांना नेणारी तयार माणसंच नाहीत. म्हणून १९६५ मध्ये त्याने नेणारे तयार करणारी वेगळी शाळा काढली, नोल्स. आणि दहा वर्षांनी त्याच शाळेच्या संचालक मंडळाने त्याला पदावरून काढलं! हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. समासातली नावं काय करू शकतात बघ. (आपल्याकडे उलटा त्रास. सरांना कोणी काढत नव्हतं, म्हणून तू निघून गेलास. तो विषय खाली येतोय.)

तिसरं उदाहरण आपल्याकडचं, आणि सध्या डोक्यात तेच घोळतंय. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, १९५४ ची. प्रिन्सिपल मेजर नरेंद्र धर जयाल, सैन्यातले. पण तेनसिंगला त्यांनी गाइड म्हणून रोजावर ठेवलं नाही. त्याच्यासाठी पदच होतं, डायरेक्टर ऑफ फील्ड ट्रेनिंग. तेनसिंगला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी डोंगरावर काय शिकवायचं ते त्याच्या अखत्यारीत. जयाल बिचारे १९५८ मध्ये चो ओयू शिखराच्या मोहिमेत वारले, पुढे प्रिन्सिपल बदलत राहिले, तेनसिंग मात्र दोन दशकांहून जास्त तिथेच. प्रिन्सिपल तो कधी झाला नाही हेही खरं. पण व्हाउचरवरचा मदतनीसही नव्हता.

आता ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगतो. तुझ्या कानावर आलं असेल, पण तिखटमीठ लावून.

छत्तीस पोरं घेऊन आम्ही हाथणी मातेच्या धबधब्याकडे निघालो होतो. पुढे मी, गळ्यात शिट्टी. मागे दादा, छेल्लो. वाटेत नेहमीसारखं त्याचं चाललं होतं. मोहाच्या एका खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. एका मुलीने ‘केवढं मोठं होतं?’ असं विचारलं, तर उत्तर न देता त्याने तिचा हात धरून बोटं त्या ओरखड्यांत ठेवली. बोटं पुरेनात. मग म्हणाला, आत बोट फिरव, ओलं लागतंय का बघ. कोरडं होतं. ‘म्हणजे जुनं,’ ती म्हणाली आणि तिने सुस्कारा सोडला. मला हे शिकवायला सांगितलं असतं तर मी तक्ता काढला असता.

ओढ्याशी पोचलो. पाणी घोट्याएवढं, वर स्वच्छ ऊन. धबधबा एवढा जवळ की आवाज येत होता. तेवढ्यात दादा रांग सोडून पुढे आला. तो असं कधी करत नाही. खाली बसला, पाण्यातून एक पान उचललं आणि मला दाखवलं. टिमरूचं सुकं पान. मग मलाही दिसलं, पानं-काटक्या वाहत येत होत्या आणि पाण्याचा रंग चहासारखा व्हायला लागला होता. ‘वर पडलाय. आज नाही,’ एवढंच म्हणाला. मी वाद घातला. बंड्या, लाज वाटते पण लिहितो: सगळ्या पोरांसमोर मी म्हणालो, ‘दादा, दहा मिनिटांचं काम आहे, लीडर मी आहे.’ तो काही बोलला नाही. मागे गेला आणि परत चालायला लागला. शेवटची पोरं त्याच्या मागे, त्यांच्या मागे त्यांच्या पुढची. छेल्लो वळला की सगळी रांगच उलटी होते, हे मला चव्वेचाळीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी शिट्टी घेऊन ओढ्याकाठी उभा, आणि बघता बघता छेल्लो मीच.

आणि पुढे काही झालं नाही! पूर नाही, पाऊस नाही. संध्याकाळी बसचा ड्रायव्हर सांगत आला की धबधब्यावर माणसं फोटो काढत होती, पाणी दोन बोटंसुद्धा चढलं नव्हतं. रात्री पालकांच्या ग्रुपवर आमची शोभा. धबधबा दाखवणार म्हणून पैसे घेतले, एवढे भित्रे आहात तर शिबिरं कशाला काढता, वगैरे.

तेव्हा बेननी सांभाळलं. खजिनदार म्हणून त्यांना सगळे फक्त पावत्या फाडणाऱ्या समजतात. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नाहीत. त्यानंतर आमच्या समितीत श्रद्धांजलीचा ठराव झाला. बेननी दुसऱ्या दिवशी निळी वही काढली. बसच्या फिटनेसची झेरॉक्स, कोणत्या पोराला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला दम्याचा पंप लागतो, आणि प्रत्येक थांब्यावर मोजलेल्या डोक्यांचा आकडा. त्या रात्री त्यांनी ग्रुपवर एकच ओळ टाकली: ‘छत्तीस नेली, छत्तीस आणली, पैसे परत हवे असतील त्यांनी सोमवारी ऑफिसला यावं.’ दोघे आले. बेननी हसतमुखाने पैसे मोजून दिले, ते गेल्यावर मला म्हणाल्या, ‘बे हजारमां छूट्या.’ दोन हजारांत सुटलो.

तर मी सरांना सांगून आलो: अध्यक्ष होतो, पण दादा समितीत हवा. सर म्हणाले, ‘मला हे वीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.’ सीएंचा चेहरा मात्र पडला. चेंज रिपोर्ट, केवायसी, हे सगळं करता येईल म्हणाले, पण ट्रस्टी झाला की रोज बंद. ट्रस्टीने संस्थेकडून मजुरी घेतलेली आपल्या ट्रस्टडीडात बसत नाही.

मी दादाला विचारायला गेलो. मला वाटलं, त्याला भरून वगैरे येईल. मका सोलत होता. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मीटिंगच्या दिवसाचा रोज मिळेल का? बडोद्याला यायचं म्हणजे दिवस जातो.’ मी म्हटलं, नाही, उलट एरवीचाही बंद होईल. तो मोठ्याने हसला. आतून बायकोही हसली. मला कणसं देऊन वाटेला लावलं.

म्हणून हे पत्र. तू नाशकात चाळीस वर्षं बायकोचं ऐकून आणि तीस वर्षं ट्रस्टांची वकिली करून शहाणा झाला आहेस. मला तेनसिंगसारखं पद हवंय. ट्रस्टी नव्हे, पगारी. दर महिन्याला, शिबिर असो-नसो. आणि ठरावात एक वाक्य असं हवं की जंगलात त्याने ‘आज नाही’ म्हटलं की अध्यक्षानेही परत फिरायचं. मला भाषा जमत नाही. मी लिहिलं की ते गौरवपत्र होतं. तू लिही, कोरडं, वकिली. सीएंना खोट काढता येणार नाही असं. आणि पावसाळ्यातली एक मीटिंग दादाच्या अंगणात घ्यायची, हेही त्यातच घाल. सहा जणांची रात्र तरी होईल तिकडे.

सर्वसाधारण सभा १२ ऑक्टोबरला, रविवारी संध्याकाळी आहे. मसुदा ५ तारखेपर्यंत पाठव. खरं तर तूच ये. २००९ मध्ये तू भर सभेत म्हणाला होतास की ही संस्था नव्हे, एका माणसाचं घर आहे, आणि मी सरांच्या बाजूने हात वर केला होता. तू म्हणालास ते खरं होतं. त्या दिवशी मला ते कळलंही होतं. सरांना तुझं नाव आठवेल की नाही सांगता येत नाही, पण तू दारातून आत आलास तर ‘नाडी बांध’ म्हणतील, ते सगळ्यांनाच म्हणतात.

सकाळी कामाठी बागेत चक्कर मारू. विश्वामित्रीच्या काठावर मगरी उन्हाला पडलेल्या असतात, पुलावरून दिसतात. नंतर सेव-उसळ, तर्री वेगळी मागून. तुझं कोलेस्टेरॉल वहिनींना सांगणार नाही.

तुझा
मन्या

ता. क. दादाने तुझी चौकशी केली. ‘तो उंच भाई’ त्याची बॅटरी घेऊन गेलाय म्हणे, शेवटच्या शिबिराला. तीन सेलची होती. येताना नवी आण.